बैलासारखा पारखलेला मीटर

मी बोलतोय खरा, पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी सगळं ऐका, मग ठरवा. ज्या बाईच्या टेबलावर मी पडून असतो ती तरी असंच करते.

मी मल्टिमीटर. घराचं लाइट-बिल वाढवतो तो माझा लांबचा चुलता आणि रिक्षात बसून उड्या मारतो तो वाया गेलेला मावसभाऊ. माझं काम वेगळं. मला दोन वायरी, एक लाल आणि एक काळी, दोघींच्या टोकाला सुया. त्या सुया टेकवल्या की मी सांगतो, इथे वीज आहे की नाही, असली तर किती, आणि वायर शाबूत आहे की आतून तुटलीय. पोटावर एक गोल खटका आहे. तो फिरवला की मी विषय बदलतो. काही माणसांनाही असा खटका बसवायला हवा होता असं मला या घरात आल्यापासून फार वाटतं.

रंगाने मी पिवळाधमक. अंगावर लाल रबरी कोट. लांबून पाहिलं तर हळदीला बसलेला नवरा बँडवाल्याचा डगला घालून आलाय असं वाटेल.

शिक्षणाचं विचारू नका. कारखान्यात एका मुलीने माझं पोट उघडून आतला बारीक स्क्रू जरासा पिळला. शेजारच्या मोठ्या यंत्रावर जो आकडा होता साधारण तसाच माझ्या काचेवर आला, तशी तिने माझ्या बुडावर 'पास' असं गोल स्टिकर मारलं. झाली शाळा. साधारण म्हणजे किती साधारण, हे तिने विचारलं नाही आणि मी कशाला सांगतोय.

पण थोबाडावर मात्र माझ्या पदव्याच पदव्या छापल्या. त्यात एक शिक्का असा, की ज्याचा अर्थ होतो, 'याला खुशाल घराच्या मेन लाइनला लावा, काही होणार नाही.' प्रत्यक्षात माझ्या पोटात काडीएवढा एक काचेचा फ्यूज आणि तांब्याच्या रेघा एकमेकींना चिकटून, आठवडी बाजारात बसलेल्या भाजीवाल्यांसारख्या. तोंडावर पहिलवान, पोटात पापड.

कल्याणला स्टेशनजवळच्या एका गल्लीत बंटीचं दुकान आहे. बंटी म्हणजे मालक, चांगला टक्कल पडलेला गृहस्थ, पण लहानपणीचं नाव दुकानाच्या पाटीवर चढलं ते उतरलंच नाही. त्याने मला काउंटरवर नमुन्यादाखल ठेवलं. नमुना म्हणजे ज्याला सगळे हात लावतात आणि घरी कुणी नेत नाही. माझ्यामागून आलेले माझे भाऊ विकले गेले, मी तिथेच म्हातारा झालो.

म्हातारपणी माणसाला एखादं व्यसन लागतं. मला थापा मारायचं लागलं. त्याचं असं आहे, माझ्या स्वतःच्या पोटात एक चौकोनी बॅटरी असते, तीच माझी भाकरी. ती उतरत आली की माझा अंदाज सुटतो आणि मी समोरच्याचा आकडा वाढवून सांगतो. म्हणजे मी जितका उपाशी, तितक्या माझ्या बढाया मोठ्या. लोक घड्याळाचे मेलेले सेल घेऊन यायचे, मी ते ठणठणीत ठरवायचो, लोक खूश होऊन जायचे. बंटी म्हणायचा, "आपला पिवळ्या कुणाला नाराज करत नाही." आणि बॅटरी बदलायचं विसरून जायचा.

अशात एक दिवस दुकानात गणूशेठ आले, आणि त्यांच्या मागे त्यांची सून कल्पिता.

गणूशेठचं गाव शीळफाट्याच्या अलीकडे. एकेकाळी भातशेती आणि मिठागरावरची मजुरी, आता शेतात इमारती उभ्या आणि शेठच्या गळ्यात साखळी. स्वतःचं तीन मजली घर, नाव 'आई एकविरा कृपा', मधल्या खोल्यांत भाडेकरू. वरच्या मजल्यावरची मागची एक खोली रिकामी होती आणि ती सुनेने मागून घेतली होती. कल्पिता कळव्याची. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाची दोन वर्षं झाली आणि लग्न ठरलं, तिसरं वर्ष वरातीत गेलं. आता तिला घरातच आपली लहानशी लॅब थाटायची होती. बिघडलेलं उघडून बघायचं, शिकायचं, जमलं तर दुरुस्त करायचं. नवरा कमलेश दिवसभर कामावर, त्याची काही हरकत नव्हती. हरकत होती गणूशेठची.

"खोली देतो," ते म्हणाले होते, "पण घरात एकदा जरी कुणाला झटका बसला, एकदा जरी धूर निघाला, तर तुझं सामान खाली आणि शिवरामचं गिऱ्हाईक वर." शिवराम म्हणजे गावातला जागांचा एजंट. त्याची नजर त्या खोलीवर मांजराची दुधावर असते तशी.

तर अशा ताणलेल्या दोरीवर चालत ती पोरगी आपला पहिला मीटर घ्यायला आलेली. खालच्या फळीवर एक करडा मीटर होता. दिसायला अगदी सरकारी कचेरीतला कारकून. तिने नेमका तोच मागितला.

"याचा फ्यूज कसला आहे? आतून बघता येईल का?" तिने विचारलं.

बंटी हसला. "मॅडम, फ्यूज कोण बघतं? लोक डिस्प्ले बघतात."

"मना दाव," म्हणत गणूशेठनी करडा हातात घेतला, कानाशी नेला आणि परत ठेवला. "मुका हाय."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. अहो, काय सांगू, आयुष्यात इतक्या प्रेमाने मला कुणी उचललं नव्हतं. गणूशेठनी छकड्याच्या शर्यतीसाठी आयुष्यभर बैल पारखलेले. त्यांनी मलाही तसंच पारखलं. तळहातावर तोलून वजन घेतलं. रबरी कोटावरून खांदे दाबले. उलटा करून बुडावरचा 'पास' वाचला. मागच्या वायरी शेपूट ओढावी तशा ओढून बघितल्या. एवढं झाल्यावर बंटीने माझा खटका फिरवला आणि माझ्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या. वायर शाबूत असली की मी ओरडतो, तसा मी ओरडलो. जरा जास्तच ओरडलो. गिऱ्हाईक समोर असलं की माझा आवाज आपोआप चढतो.

"बघ, कसा हुंकारतो," गणूशेठ म्हणाले. "जनावर बोलकं पाहिजे. मुकं जनावर कवा बसेल सांगता येत नाय."

"बाबा, बैल घ्यायचा नाहीये आपल्याला."

"तुना काय कळतं गो. मी बैल घेतले, जमिनी घेतल्या, जावई घेतले. पारख एकच असते." मग त्यांनी माझ्या थोबाडावरचा तो मोठा शिक्का बोटाने दाखवला. "आणि हे बघ, लिवलंय पण किती."

मीटर कल्पिताचा होता, पण खोली त्यांची होती. तिने करड्याकडे एकदा पाहिलं, मनासारखं स्थळ पत्रिकेपायी परत पाठवताना मुली बघतात ना, तसं. आणि मी पिशवीत पडलो.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी, म्हणजे विमलाबाईंनी, विचारलं, "कोणी पारखला?"

"मी."

"मंग झालं कल्याण. तुमचा मागचा बैल झेंडा पडायच्या आधी मैदानात बसला होता."

गणूशेठ म्हणाले की त्या दिवशी बैलाला नजर लागली होती.

लॅब म्हणजे काय, जुन्या दाराची फळी दोन पिंपांवर टाकलेली. लोणच्याच्या बरण्यांमध्ये सुटे भाग. एक सोल्डरिंगची बंदूक, एक टेबल-दिवा, आणि कोपऱ्यात गल्लीतल्या बायांचे मेलेले मिक्सर ओळीने, दवाखान्यातल्या बाकड्यावर बसल्यासारखे. विमलाबाईंना विजेची भारी धास्ती. चहा घेऊन वर आल्या की पायात रबरी चपला, आणि कप फळीवर लांबूनच सरकवायच्या, जणू कल्पिता नाही, तारच बसलीय तिथे.

पहिल्याच दिवशी माझी थाप उघडी पडली. कल्पिताने पाकिटातला कोरा सेल काढला आणि मला विचारला. मी सवयीप्रमाणे वाढवून सांगितला. कोरा सेल इतका तगडा असूच शकत नाही, हे तिला पाठ होतं. तिने माझं पोट उघडलं, बॅटरी बदलली आणि पुन्हा तोच सेल विचारला. आता काय, पोट भरलेलं. मी खरं बोललो. नाइलाज होता.

ही युक्ती तिला कुठल्या वर्गात शिकवली नव्हती. ती तिने सासऱ्यावर तयार केली होती. गणूशेठ मनाने सोन्यासारखा माणूस, पण 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडातून कधी बाहेर आलेलं नाही. काहीही विचारा, उत्तर तयार. म्हणून कल्पिता काही महत्त्वाचं विचारायच्या आधी एक असा प्रश्न टाकायची, ज्याचं उत्तर तिला आधीच माहीत आहे.

"बाबा, दूधवाला येऊन गेला का?" दूध तिने स्वतःच घेतलेलं असायचं.

"आज आलाच नाय. मी सकाळपासून दारात बसलोय."

मग ती दुसरा प्रश्न विचारतच नसे. त्या दिवसाचा सासरा बाद. उद्या बघू.

माझ्याशीही ती तशीच वागू लागली. मला आधी ओळखीच्या ठिकाणी विचारायची, मग खऱ्या कामाला न्यायची. अपमान वाटायचा मला. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत आम्ही चांगली कामं केली. मिक्सर फिरले, इस्त्र्या तापल्या, एका म्हातारीचा रेडिओ बोलू लागला. बाया जिना चढून यायला लागल्या. गणूशेठ खाली ओट्यावर बसून प्रत्येकीला सांगायचे, "मीटर मी पारखून घेतलाय."

मग आली खंडेनवमी.

तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात. गणूशेठच्या घरी पाटावर कोयता, विळा, आजोबांच्या वेळचं मिठागरावरचं लाकडी फावडं, गाडीची किल्ली आणि विमलाबाईंची शिवणयंत्राची कात्री. कल्पिता त्या दिवशी कळव्याला माहेरी गेलेली. गणूशेठ स्वतः जिना चढून वर आले, मला उचललं आणि फावड्याशेजारी मानाने बसवलं.

मला काय वाटलं असेल? आयुष्यभर काउंटरवर उष्ट्या हातांनी हाताळलेला मी, आणि आज पाटावर. मी फुगलो. तेवढ्यात नारळ फुटला आणि त्याचं पाणी माझ्या डोक्यावरून खटक्यात शिरलं. मग गणूशेठनी माझ्या वायरी उपसल्या. वायरी जिथे बसतात ती माझी तीन भोकं. त्यांना ती देवाच्या डोळ्यांसारखी दिसली असावीत. त्यांनी हळद-कुंकू कालवलं आणि एकेका भोकात अंगठ्याने भरलं.

"ओ, भोकं कशाला बुजवताय?" विमलाबाई म्हणाल्या. "त्यातून त्याचा काय तो कारभार चालत असेल."

"देवाचं कुंकू हाय. बाधत नाय."

आरती झाली. मग त्यांनी मला पंच्याने लख्ख पुसलं, वायरी परत दाबून बसवल्या आणि जागेवर नेऊन ठेवलं. बाहेरून कपाळावर एक बोट कुंकू, बाकी सगळं जसंच्या तसं. कल्पिता परत आली, तिने ते बोट बघितलं, हसली आणि सासऱ्यांचा मान म्हणून पुसलं नाही. आत काय झालंय हे तिला कसं कळणार? माझ्या भोकांत कुंकवाचा लेप सुकत होता आणि खटक्यात नारळपाणी चिकट होऊन बसलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पंप बंद पडला. वरची टाकी कोरडी. भाडेकरू बादल्या घेऊन जिन्यात. इथला वायरमन सणाला आपल्या गावी गेलेला. गणूशेठ ओट्यावरून मोठ्याने म्हणाले, "घाबरू नका, आमच्या घरात इंजिनेर हाय." आणि मग हळू आवाजात जिन्याकडे, "कल्पिता, ये गो खाली. मीटर घेऊन ये."

तिला घाम फुटला असणार. आजवर ती मेलेले मिक्सर उघडत होती, ज्यांचा प्लग टेबलावर तिच्या डोळ्यांसमोर पडलेला असायचा. हे घराच्या लाइनवरचं काम. शिवाय अंगणात ओल, आणि त्याच सकाळी शिवराम गिऱ्हाईक घेऊन खोली बघायला येणार होता. म्हणजे चूक झाली तर बघायला सगळे हजर.

"बाबा, पंपाची लाइन बंद केली?"

"केली ना. खालच्या बोर्डाचं बटण मी स्वतः पाडलं."

"नक्की?"

"शंभर टक्के."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात पुतण्याच्या हळदीला मांडववाल्याने डीजे आणि लायटिंगसाठी खालच्या बोर्डावर जागा केली, आणि पंपाची वायर काढून पहिल्या मजल्याच्या बोर्डावर टाकली. हळद झाली, लग्न झालं, नवरा-नवरी फिरून आले, वायर तिथेच राहिली. हळदीत पहाटेपर्यंत नाचणाऱ्या गणूशेठना आठवत होतं एवढंच, की आपण समोर उभं राहून सगळं पूर्ववत करून घेतलं. आपल्याकडे हळदीत काय काय समोर उभं राहून करून घेतलेलं असतं ते दुसऱ्या दिवशी विचारू नये.

कल्पिताने पंपाच्या पेटीचं झाकण काढलं. आत एक वायर टोकाशी काळी पडली होती, बिघाड समोरच दिसत होता. तिने माझा खटका फिरवला आणि दोन्ही सुया आत टेकवल्या.

मी सांगितलं, शून्य.

बघा, मी मुद्दाम खोटं बोललो नाही. मला काही ऐकूच येत नव्हतं, कान कुंकवाने बुजलेले. पण बहिरा माणूस म्हणतो, 'मला ऐकू आलं नाही.' मी म्हणालो, 'तिथे काही नाही.' या दोन बोलण्यांमध्ये एक माणूस मरतो. 'मला माहीत नाही' असं सांगायला कारखान्याने मला आकडाच दिलेला नाही. माहीत नसलं तरी शून्य, आणि वीज नसली तरी शून्य. चेहरा तोच, रुबाब तोच.

"शून्य," कल्पिता म्हणाली.

"मी काय सांगत होतो," गणूशेठ म्हणाले. "मी आणि माझा मीटर."

तिने मला पायरीवर ठेवलं. पदर खोचला. पक्कड बाजूला ठेवून ती काळी वायर बोटांनीच सोडवायला तिने हात पुढे केला. घाई होती, जिन्यात बादल्या वाजत होत्या. हात पेटीपर्यंत गेला आणि थांबला.

तिने सासऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत सासऱ्यांकडे. या घरात आल्यापासून गणूशेठच्या बोलण्याला पहिल्या फटक्यात कुणी दुजोरा दिलेला तिने पाहिला नव्हता. आज सासरा म्हणतो बंद, मीटर म्हणतो बंद. दोघेही छाती काढून. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

"दूधवाला विचारायचा राहिला," ती स्वतःशीच पुटपुटली आणि मला उचलून स्वयंपाकघरात शिरली.

"आई, मिक्सर फिरवा जरा."

विमलाबाई चटणी वाटतच होत्या. मिक्सर घुर्र करून फिरला. कल्पिताने तो बंद करवून, भिंतीवरचं बटण चालूच ठेवून, प्लग काढला आणि बोर्डाच्या त्याच भोकांत माझ्या सुया घातल्या.

मी म्हणालो, शून्य.

आत्ता जिथून मिक्सर डरकाळी फोडत होता तिथे मी सांगतोय, काही नाही. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण इतकी उघडी नागडी थाप कधी मारली नव्हती. विमलाबाईंनी वाकून माझी काच वाचली. "जल्ला मेला," त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडावर खोटा बोलतो."

कल्पिताचा चेहरा पांढरा पडला होता. तिने खणातला साधा टेस्टर घेतला, तो दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर, जो प्रत्येक घरात असतो आणि ज्याला मी नेहमी गावंढळ म्हणून हसायचो. आधी तो बोर्डाच्या त्याच भोकाला लावला, पेटला. मग अंगणात जाऊन पंपाच्या त्या काळ्या वायरीला लावला.

तिथेही पेटला. लाल, स्वच्छ, शांतपणे.

जिन्यातल्या बादल्या वाजायच्या थांबल्या. गणूशेठ त्या एवढ्याशा लाल ठिपक्याकडे बघत राहिले, मग सुनेच्या बोटांकडे, आणि मग पायरीवर खाली बसले.

"बाबा," तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक कठीण झालं असावं. "पंप कुठल्या बोर्डावर आहे?"

गणूशेठनी तोंड उघडलं. सवयीने उत्तर येणारच होतं, मी ओळखतो ना, आमची जात एक. पण त्यांनी गळ्यातली साखळी मुठीत धरली.

"मना ठाऊक नाय," ते म्हणाले.

विमलाबाईंनी दाराची चौकट धरली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं होतं.

मग कल्पिताने सगळ्या घराचं मेन बटणच पाडलं. टेस्टर पंपाला लावला, विझलेला. एवढ्यावर ती थांबली नाही. शेजारच्या घरच्या चालू प्लगला लावून तो अजून जिवंत आहे ना ते बघितलं आणि पुन्हा पंपाला लावला. तेव्हा कुठे हात आत घातला. जळकं टोक कापलं, नवं टोक सोलून घट्ट बसवलं. बटण वर केलं तसा पंप खाकरला आणि पाणी चढायला लागलं. नंतर तिने वायर कुठल्या बोर्डावर आहे ते शोधून काढलं आणि त्या बोर्डावर खडूने ठळक लिहिलं, पंप.

नेमका तेव्हाच शिवराम फाटकातून आत आला, मागे एक नवराबायको.

"शेठ, ती वरची खोली दाखवायची होती. माणसं चांगली आहेत."

गणूशेठ पायरीवरून उठले नाहीत. "ती दिली," ते म्हणाले.

"दिली? कधी? कुणाला?"

"हाय एक बाई. मशिनी दुरुस्त करते." त्यांनी शिवरामकडे पाहिलं. "आणि आता विचारत नको येऊस. कायमची दिली."

कल्पिता नळाखाली हात धूत होती. तिने मान वर केली नाही, पण नळ बराच वेळ चालू राहिला.

त्या दुपारी तिने मला उघडलं. गणूशेठ समोर स्टुलावर. माझ्या भोकांतून सुकलेलं कुंकू निघालं, तसे त्यांनी कान पकडले. मग तिने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. तो काडीएवढा फ्यूज, त्या चिकटून बसलेल्या रेघा.

"एवढंच?" गणूशेठ म्हणाले.

"एवढंच."

"मंग तोंडावर केवढं लिवलंय."

"ते लिहायला काय लागतं, बाबा. हा शिक्का खरा करायचा तर आत मोठा फ्यूज लागतो, जाड भिंत लागते, रेघांमध्ये अंतर लागतं. कुंकू नसतं ना, तरी मेन लाइनला हा मला वाचवू शकला नसता."

दोघं मला बघत राहिली. नागडं होऊन टेबलावर पडणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. गंमत म्हणजे त्या नजरेत तिरस्कार नव्हता. गणूशेठ तर एखादा नातेवाईक ओळखू यावा तसे बघत होते.

तिने ब्रशने आणि स्पिरिटने मला आतून धुतलं. माझे कान मोकळे झाले. पण मेन लाइनचं काम माझ्याकडून कायमचं काढलं. कपाळावर पट्टी चिकटवली, 'फक्त सेल'. पहिलवानाला बालवाडीत बसवलं.

पुढच्या आठवड्यात करडा आला. अजून मुकाच आहे. माझ्याशी बोलत नाही, मिजास नाही पण बोलत नाही. तिचं सगळं गंभीर काम तो करतो, आणि ती त्यालासुद्धा आधी ओळखीच्या ठिकाणी विचारते, मग अनोळखी, मग परत ओळखीच्या. तो चिडत नाही. याला संस्कार म्हणतात, जे मला मिळाले नाहीत.

मी खिडकीत असतो. दुपारी गणूशेठ जिना चढून येतात, घड्याळाचे, रिमोटचे, गल्लीतल्या सगळ्या बायांचे सेल खिशात भरून. कल्पिताने त्यांना खटका कुठे फिरवायचा ते शिकवलंय. आधी पाकिटातला कोरा, मग संशयित, मग पुन्हा कोरा. चष्मा कपाळावर सरकवून मला वाचतात, आणि आकडा जरा इकडे तिकडे झाला की सुनेला हाक मारतात. दोन म्हातारे थापाडे एका खिडकीत बसून खरं बोलायचा सराव करतोय. वेळ चांगला जातो.

आता तुम्हाला माझी विनंती. तुमच्याही घरात कुणाला विजेचं वेड लागलं आणि पहिला मीटर घ्यायला निघालात, तर मला घेऊ नका. दुकानात माझ्यासारखे ढीगभर मिळतील, पिवळे, लाल कोटवाले, जोरात ओरडणारे. आम्ही सेल मोजायला ठीक, जीव मोजायला नाही. आमचं पोट उघडून दाखवायला सांगा. दुकानदार हसला तर हसू द्या.

आणि हे सगळं तुम्हाला कळत नसेल, तर तेही चालेल. करडा आणायला कल्याणला गेले तेव्हा गणूशेठनी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि म्हणाले, "तू जा आत, बघ तुझं तू. मी हितंच उभा हाय." ती आत एकटी गेली, मनाजोगं बघून, उघडून, विचारून आली. तोवर ते बाहेर गाडीपाशी उभे.

तुम्हीही तसंच करा. ज्याचा हात वायरीत जाणार आहे त्याला पुढे पाठवा आणि तुम्ही बाहेर थांबा. त्या गल्लीच्या तोंडाशी लिंबू-सोडा चांगला मिळतो. गणूशेठनी दोन प्यायले.